डिप्लोमानंतर पुढे काय? डीएमएलटी, एक्स-रे, डायलिसिस, ओटी झालेल्या सोलापूरकरांसाठी

काचपट्टी
रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळी आमच्या लॅबमध्ये एक मुलगी आली. रक्त तपासायला नाही, सल्ला विचारायला. दोन वर्षांचं डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झालेलं, अशोक चौकाकडच्या एका कलेक्शन सेंटरला नोकरी, आणि हातात एक रंगीत पत्रक. 'फक्त रविवारी वर्ग. नोकरी सांभाळून दीड वर्षात बीएमएलटी.' बीएमएलटी म्हणजे त्याच विषयाची पदवी. तिचा प्रश्न सरळ होता, "मॅडम, पैसे भरू का?" पैसे म्हणजे आईनं बचत गटातून उचललेलं कर्ज. तिला आधी चहा दिला आणि आम्ही दोघी तासभर बोलत बसलो. या दिवाळीपासून असा हा चौथा माणूस माझ्याकडे आलाय. म्हणून जे तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवते.

मी स्वतः बारावीनंतर डीएमएलटी केलं, मग नोकरी करत बी.एस्सी. केलं. १९ वर्षं लॅबमध्ये आहे, सध्या गुणवत्तेचं काम बघते.

सगळ्यात आधी आपलं डिप्लोमाचं प्रमाणपत्र कपाटातून काढा आणि त्यावर शिक्का कुणाचा आहे ते वाचा. विद्यापीठाचा आहे, राज्याच्या मंडळाचा आहे, की नुसत्या एखाद्या संस्थेचा? 'शासनमान्य' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली क्रमांक मिळाला की तो पत्रकावर ठळक छापतात. आयएसओ ९००१ छापतात, उद्यम नोंदणी छापतात. यातल्या कशानेही अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. संस्था कागदावर आहे, एवढंच त्यातून कळतं.

आता तासांचं. २०२१ साली नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झाला. त्यात दोन व्याख्या आहेत आणि दोन्ही पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणजे दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण घेऊन डिप्लोमा किंवा पदवी मिळवलेला. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणजे तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास पूर्ण करून पदवी घेतलेला.

आता त्या रंगीत पत्रकाचा हिशोब करू. रविवारी सहा तास वर्ग धरा. वर्षाचे पन्नास रविवार एकही न चुकता गेलात तरी ३०० तास. दीड वर्षात ४५०. कुठे ४५० आणि कुठे ३,६००? उलट, रोज आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस काम धरलं तर ३,६०० तासांना ७५ आठवडे लागतात, आणि तेही तीन वर्षांत पसरलेले हवेत. एवढे तास कुणी पॅथॉलॉजीत, वॉर्डात, मशीनसमोर तुमच्याकडून करून घेणार असेल तर ती पदवी. नसेल तर तो कागद. कुणी कितीही गोड बोललं तरी मी एकच विचारते: प्रात्यक्षिकाचे तास किती, कुठल्या हॉस्पिटलात, आणि ते कुणाच्या सहीने मोजले जाणार?

दूरशिक्षणाचं तर दारच बंद झालंय. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्यात येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि आहारशास्त्र हेही त्यात आले. म्हणजे "मॅडम, घरबसल्या होतं की" असं आज कुणी सांगत असेल तर त्याच्या ऑफिसातून चप्पल घालून निघून या.

ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी विचारा. जमेल तसं उत्तर देते. बाकीच्या विभागातल्यांनी आपापलं लिहा, मला लॅबपलीकडचं तोकडंच माहीत आहे.


लालपेशी
रविवार, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली आहे. तासांचा हिशोब असा कुणी मांडून दाखवला नव्हता. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकतोय.


विडीघरकुल
सोमवार, पहाटे ५:४०

मॅडम, ती मुलगी मीच. ड्यूटीवर जायच्या आधी वाचलं. पैसे नाही भरले. आईला सांगितलं, ती म्हणाली बरं झालं, गटाचे परत देऊन टाकते.

पण मग मी करू काय ते कळेना झालंय. माझं बारावी सायन्स ६१ टक्के, डीएमएलटी मंडळाचं आहे, शिक्का बघितला. परत तीन वर्षं कॉलेज करायचं म्हटलं तर घरात आई विड्या वळते, भाऊ दहावीला. पगार सोडता येत नाही. डायरेक्ट सेकंड इयर मिळतं असं सेंटरवरच्या दादांनी सांगितलं होतं. ते खरं आहे का?


काचपट्टी
सोमवार, दुपारी २:१५

बाळा, बरं केलंस.

थेट दुसऱ्या वर्षाचं पूर्ण खोटं नाही. काही विद्यापीठं त्याच विषयाचा दोन वर्षांचा मान्य डिप्लोमा असेल तर बीएमएलटीच्या दुसऱ्या वर्षाला घेतात. पण हे त्या विद्यापीठाच्या नियमात छापलेलं असलं पाहिजे. प्रवेश देणाऱ्या माणसाच्या तोंडचं धरायचं नाही. विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टने साधं पत्र टाक: माझा डिप्लोमा अमुक मंडळाचा, अमुक वर्षाचा, दुसऱ्या वर्षाला मी पात्र आहे का, आणि वर्ग विद्यापीठाच्या आवारातच भरतात का. सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स. उत्तर आलं तर ते जपून ठेव. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच आहे.

दुसरा रस्ता मी स्वतः चाललेय. साधं बी.एस्सी. दयानंद, वालचंद, संगमेश्वर, गावात चांगली जुनी कॉलेजं आहेत. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घे. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत बी.एस्सी. आणि डीएमएलटी ही जोडी बरेचदा मागतात, आणि जोडीतला एक भाग तुझ्याकडे आधीच आहे. पुढे बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी.चं दारही उघडं राहतं.

नोकरीचं कसं जमवलं ते सांगते. मी आमच्या सरांकडे जाऊन तीन वर्षं कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी कुणालाच नको असते, म्हणून लगेच मिळाली. सकाळी आठला सुटायचं, घरी आंघोळ, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, अकराला प्रॅक्टिकल. दुपारी चार ते रात्री नऊ झोप. दिवाळी, सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, रमजान ईद, सगळ्या सणांच्या पाळ्या मी घेतल्या आणि त्याच्या बदल्यात परीक्षेचे दिवस सुटी मागून घेतली. पहिल्या वर्षी गणितात राहिले. दुसऱ्यांदा बसून काढलं. तब्येतीला जड गेलं, ते लपवत नाही. पण रात्री दोन वाजता ॲनालायझर चालू असताना मी रसायनाचं पुस्तक वाचलंय आणि बिलिरुबिनची रिॲक्शन दिवसा वर्गात शिकून रात्री हाताने केलीय. दिवसा नुसतं कॉलेज करणाऱ्याला असं शिकायला मिळत नाही.

आणि एक. तू तेलुगू बोलतेस, कन्नड समजतं, हिंदी-मराठी येतंच. "उपाशीपोटी या" हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगता येणं सोलापुरात फार मोठी गोष्ट आहे. अर्जात भाषा लिहायला विसरू नकोस.


हुतात्मा_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ९:०५

ताई, तुमचा धागा मला सहा वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

मी तसाच एक कागद घेतला होता. दुसऱ्या राज्यातलं खासगी विद्यापीठ, आपल्याकडे भाड्याच्या दोन खोल्यांत 'केंद्र'. परीक्षा त्याच खोल्यांत. गुणपत्रिका गुळगुळीत, होलोग्राम वगैरे. सरकारी भरतीत निवड यादीत नाव आलं, कागदपत्र पडताळणीत गेलं. पडताळणीला बसलेल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं विद्यापीठ यादीत आहे हो, पण तुम्ही शिकलात कुठे?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन वर्षं आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. आता पुण्याला एका हॉस्पिटलात डिप्लोमावरच काम करतो, आणि पहिल्यापासून रीतसर पदवी करतोय.

तेव्हा जे माहीत नव्हतं ते लिहितो. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असणं ही अर्धीच गोष्ट. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करता येत नाहीत. २००३ च्या यूजीसी नियमांत त्याला एकसंध, म्हणजे युनिटरी, म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यशपाल खटल्यात छत्तीसगडमधली नुसत्या कागदावरची खासगी विद्यापीठं रद्द केली, तो निकाल वाचाच. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'सोलापूर सेंटर' असा बोर्ड दिसला की समजा. विद्यापीठ खरं असलं तरी ते सेंटर खरं नाही.

विडीघरकुल ताई, तुमचे पैसे वाचले. मला माझे परत आल्यासारखं वाटलं.


फिल्मबॅज
सोमवार, रात्री १०:३०

रेडिओग्राफीवाल्यांसाठी लिहितो.

आपल्याकडे पदवीइतकंच महत्त्व मशीनला आहे. नुसत्या एक्स-रेवर दहा वर्षं काढलेला आणि सीटीवर दोन वर्षं काढलेला, यांत सीटीवाल्याला आधी बोलावतात. त्यामुळे पदवी निवडताना त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) यातलं काय आहे ते स्वतः जाऊन बघून या. मशीन आहे म्हणतात आणि कापड झाकून ठेवलेलं असतं, असंही मी पाहिलंय.

दुसरं, एईआरबीचं. अणुऊर्जा नियामक मंडळ. साध्या एक्स-रे युनिटला त्यांची नोंदणी लागते, सीटी आणि कॅथलॅबला परवाना लागतो, आणि सगळा कारभार ई-लोरा पोर्टलवरून चालतो. प्रत्येक संस्थेला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. पात्र तंत्रज्ञाला हे प्रमाणन घेता येतं. ही पदवी नाही, पण छातीवर टीएलडी (किरणांचा डोस मोजणारा) बॅज लावून फिरणाऱ्या माणसाच्या हातात सुरक्षेची जबाबदारी येते, आणि व्यवस्थापन तुमचं म्हणणं ऐकायला लागतं. होटगी रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत एवढी डायग्नोस्टिक सेंटरं आहेत, ज्याच्याकडे हे आहे तो रिकामा बसत नाही.

अवांतर: बॅज ॲप्रनच्या आत लावायचा. बाहेर नाही. आणि सुटीच्या दिवशी एक्स-रे रूममध्ये टांगून जायचं नाही, तुमच्या नावावर भलताच डोस चढतो.


जुना_मायक्रोस्कोप
मंगळवार, सकाळी ७:५०

सगळं बरोबर लिहिताय, पण मला एक बोलू द्या. माझी छोटी लॅब आहे, ३० वर्षं झाली. माझ्याकडे पदवीवाले येतात आणि वर्षाच्या बाळाची शीर सापडत नाही म्हणून हात थरथरतो. काचेवरचा रक्ताचा थर, स्मिअर, जाड काढतात. आमची जुनी डिप्लोमावाली बाई डोळे मिटून काढते. पगार मी हाताला देतो, कागदाला नाही. शिवाय पदवी घेतली म्हणून रिपोर्टवर सही करता येणार आहे का? नाही ना? मग गरीब पोरांना तीन-तीन वर्षं कशाला गुंतवताय?


काचपट्टी
मंगळवार, दुपारी ३:००

काका, हाताचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. मला बाळाची शीर शोधायला शिकवलं ते एका डिप्लोमावाल्या मावशींनीच. सहीचंही खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. बीएमएलटी करा, एम.एस्सी. करा, सही तंत्रज्ञाची होत नाही. कुणी 'स्वतःची लॅब टाका, स्वतः सही करा' असं आमिष दाखवून पदवी विकत असेल तर ते चूक आहे.

तरीही पोरांनी शिकावं असं मला वाटतं, आणि त्याची कारणं सहीपलीकडची आहेत.

रक्तपेढीचा नियम बघा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत ब्लड बँक टेक्निशियनसाठी दोन पात्रता आहेत: एमएलटीची पदवी आणि रक्ततपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि एक वर्षाचा अनुभव. म्हणजे कायदाच सांगतोय की डिप्लोमावाला त्या टेबलापर्यंत पोचतो, त्याला सहा महिने जास्त लागतात. एवढ्यासाठी तीन वर्षं घालू नका, असं मीही म्हणेन. पण त्या टेबलाच्या पुढे जायचं असेल तर? शिकवायचं असेल, क्वालिटी मॅनेजर व्हायचं असेल, एम.एस्सी. करायचं असेल, तिथे डिप्लोमा थांबतो. परदेशात तर फारच. आखाती देशांत जायचं तर डेटाफ्लो कंपनीची कागदपत्र-पडताळणी आणि प्रोमेट्रिकची संगणकावरची परवाना परीक्षा, अमेरिकेच्या पॅथॉलॉजी संस्थेच्या एएससीपी-आय या आंतरराष्ट्रीय परीक्षेला मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट म्हणून बसायचं तर पदवी हवीच.

तुमच्या त्या डोळे मिटून शीर काढणाऱ्या बाई किती वर्षं तुमच्याकडे आहेत काका? आणि त्या अजूनही 'टेक्निशियन'च आहेत ना? कंट्रोल, म्हणजे आधीच उत्तर माहीत असलेला नमुना, मर्यादेबाहेर गेला तर तो का गेला, हे शोधून लिहायची जबाबदारी तुम्ही त्यांना देता का? मला वाटतं त्यांना ते जमेल. पण तसं कुणी त्यांना कधी म्हटलं नसेल.


जुना_मायक्रोस्कोप
मंगळवार, रात्री ८:४०

२२ वर्षं. आणि नाही, म्हटलं नाही. विचार करायला लावलंत.


नाईटड्यूटी
मंगळवार, रात्री ११:५५

एक गोंधळ मिटवते. नर्सिंग आणि फार्मसी त्या २०२१ च्या कायद्यात येत नाहीत. आमची परिषद वेगळी, फार्मसीची वेगळी. नर्सिंगची वाट त्यामानाने सरळ आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षांचं एम.एस्सी. अतिदक्षता विभागात रस असेल तर क्रिटिकल केअरमधलं नर्स प्रॅक्टिशनर, तेही दोन वर्षांचं निवासी. डी.फार्म.वाल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी सेलमार्फत प्रवेश मिळतो, माझ्या भावाने केलंय. राउंड आहे, जाते.


माढेकर
बुधवार, सकाळी ९:३०

नमस्कार. मी शेतकरी आहे, वाचायला उशीर झाला. मुलगी बारावी पीसीबीला आहे. तिला या लाईनला घालायचं मनात आहे. आधी डिप्लोमा करून मग पदवी करावी का एकदम पदवी? आणि फीचं काय? जमीन विकायची तयारी नाही.


मणका
बुधवार, दुपारी १:१०

माढेकर काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे, जुळे सोलापुरात क्लिनिक आहे. गुण आणि घरची ओढाताण परवडत असेल तर एकदम पदवीच करू द्या. वरचे प्रतिसाद वाचलेत ना, डिप्लोमावरून पदवीवर चढताना लोकांची किती दमछाक झाली.

फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी-स्पीच, प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स यांना आपल्या राज्यात नीटच्या गुणांवर सीईटी सेलची प्रवेशप्रक्रिया आहे. म्हणून "डॉक्टर व्हायचं नाही तर नीट कशाला" असं म्हणून तिला परीक्षा चुकवू देऊ नका. २०२१ च्या त्या कायद्यातल्या आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात बीपीटी, म्हणजे फिजिओची पदवी, पाच वर्षांचं झालंय, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं बीपीएमटीही (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) आहे, तीन वर्षं आणि पुढे इंटर्नशिप. लॅब, रेडिओग्राफी, कार्डिओलॉजी, ऑपरेशन थिएटर अशा शाखा. त्याच्या अटी त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून वाचा, मागच्या वर्षीच्या मुलाला विचारून भागवू नका.

फीबद्दल. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही, आणि एजंट नेमका तिकडेच ओढतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर आत्ताच सेतूत टाकून ठेवा. जूनमध्ये रांग संपत नाही. वसतिगृहात राहणार असेल तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ताही महाडीबीटीवर बघा.


माढेकर
बुधवार, दुपारी १:४५

मॅडम, फार उपकार झाले. उद्याच तहसीलला जातो.


चारतास
गुरुवार, रात्री १०:१५

मी डायलिसिसला आहे, पदवी झालीय. आमचा प्रश्न उलटा: पदवी आहे, पुढे काय?

एक पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. २०१६ ला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आल्यापासून जिल्ह्याच्या पातळीवर यंत्रं वाढली, काम वाढलं. पण दहा वर्षांनीही आपण त्याच खुर्चीशेजारी उभं असतो. आमच्यातल्या काहींनी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन केलं, एकजण सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर करतोय. मला मात्र पेशंटपासून लांब जायचं नाही. पाणी शुद्धीकरणाचा आरओ प्लांट, संसर्ग नियंत्रण, नव्या मुलांना फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर केलेला शिरेचा जोड) टोचायला शिकवणं, यात मला रस आहे. त्यासाठी एम.एस्सी. करावं का? कुणाला अनुभव?

आणि एक अडचण सगळ्यांच्या कामाची. माझ्या एका सीनियरचं २००३ चं बी.एस्सी. आहे. परदेशच्या पडताळणीसाठी ते आपल्या सोलापूर विद्यापीठात गेले. तिथे कळलं की तेव्हा सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता, आपलं विद्यापीठ २००४ ला झालं. कोल्हापूरला जावं लागलं. त्यात २०१९ ला नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन नावं. परदेशातला कारकून हे समजून घेत नाही. नावबदलाचं पत्र आधीच काढून सोबत जोडा.


काचपट्टी
शुक्रवार, रात्री ११:००

चारतास, तुम्ही जे सांगितलंत, पाणी, संसर्ग, शिकवणं, हेच तर एम.एस्सी.ला न्यायचं असतं. शिकवायची आवड असेल तर नक्की करा. नव्या अभ्यासक्रमांना शिक्षक लागणार आहेत, आणि ते खुर्चीशेजारी उभं राहिलेले असावेत असं मला मनापासून वाटतं. फक्त प्रवेशाआधी बघा की तिथे शिकवणारे स्वतः डायलिसिसचे आहेत की नाही.

पदवीव्यतिरिक्तचं शिक्षण राहिलं, तेही लिहिते, कारण सगळ्यांना कॉलेज जमणार नाही. वेल्लोरच्या सीएमसीचा बाह्य गुणवत्ता तपासणीचा नमुना अनेक लॅबमध्ये दर महिन्याला येतो. बहुतेक ठिकाणी तो एकजण लावतो, निकाल पाठवतो, आणि फाईल बंद. तो निकाल आला की सगळ्यांनी बसून वाचा. आपलं क्रिएटिनिन सगळ्या देशाच्या सरासरीपासून किती लांब पडलं, का पडलं? कॅलिब्रेशन, रिएजंट, की पिपेट धरणारा हात? कंट्रोलच्या आकड्यांचा लेव्ही-जेनिंग्स चार्ट रोज स्वतः काढा, त्याला चूक ओळखायचे वेस्टगार्डचे नियम लावा. आयएसओ १५१८९ या लॅबच्या गुणवत्ता मानकाची २०२२ ची आवृत्ती आलीय, त्याचं अंतर्गत परीक्षणाचं प्रशिक्षण तुमचं हॉस्पिटल देत असेल तर हात वर करून नाव द्या. स्वयम पोर्टलवर चांगले कोर्स फुकट ऐकता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. ते ज्ञान म्हणून घ्या, पदवीच्या जागी धरू नका.

मुक्त विद्यापीठाचं बी.ए. चालेल का, असं दोघांनी खासगी निरोपात विचारलंय. स्पर्धा परीक्षेला बसायचं असेल तर चालेल, ती खरी पदवी आहे, आणि २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एका वेळी करायलाही यूजीसीची परवानगी आहे. लॅबमध्ये बढतीसाठी मात्र तिचा उपयोग नाही.

रविवारी सकाळी नऊला पार्क चौकात भेटू या का? ज्याला आपले कागद तपासून हवेत त्याने मूळ प्रती नको, झेरॉक्स आणा. मी आणि फिल्मबॅज दोघं येतोय.


फिल्मबॅज
शुक्रवार, रात्री ११:१०

येतोय. सुटीची ड्यूटी बदलून घेतली.


विडीघरकुल
नऊ महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ८:२०

धागा वर काढते, माफ करा.

तीन विद्यापीठांना पत्रं टाकली होती. एकाने लिहिलं की तुमच्या मंडळाचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला चालत नाही. एकाने फोन करून 'सेंटरला जाऊन भेटा' सांगितलं, मी गेले नाही. तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही.

परवा बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सूक्ष्मजीवशास्त्र आहे. सेंटरमध्ये रात्रपाळी नाही, म्हणून नोकरी बदलली. पार्क चौकात भेटलेल्या काकांनी त्यांच्या लॅबमध्ये घेतलं. दुपारी दोन ते रात्री दहा. सकाळचं कॉलेज. त्यांच्याकडच्या मावशी मला बाळाची शीर शिकवतायत, आणि कंट्रोलचा चार्ट आता मावशी काढतात, वहीत कारण लिहून.

मॅडम, पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येईल. तेव्हा दिवाळी आहे. काकांनी विचारलंय कुठले दिवस हवेत.


जुना_मायक्रोस्कोप
शनिवार, रात्री ९:००

सगळे घे म्हणावं. लक्ष्मीपूजनाला मी बसतो काउंटरवर.


काचपट्टी
शनिवार, रात्री ९:३०

वेळापत्रक आलं की मला पाठव. असेंद्रिय रसायनाच्या माझ्या वह्या आहेत, बाळीवेशीतून येताना घेऊन जा.